रॅबिटएमक्यूमध्ये मेसेज अडकतात, हरवतात किंवा दोनदा जातात: रीस्टार्ट मारण्याआधी काय बघायचं

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातले ऊस वजनकाटे, दूध संकलन केंद्रं आणि काही पतसंस्था यांची सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सगळीकडे रचना एकच आहे. काउंटरवरचा प्रोग्रॅम रॅबिटएमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, मेसेज टाकतो आणि बेळगावातल्या सर्व्हरवरचा कंझ्युमर, म्हणजे मेसेज घेणारा प्रोग्रॅम, तो उचलून एसेमेस पाठवतो किंवा खात्यावर नोंद करतो. रचना एकच असल्यामुळे बिघाडही तेच ते. खालचं सगळं पायथन आणि त्याला रॅबिटएमक्यूशी जोडणारी पिका लायब्ररी धरून लिहिलंय. जावा-डॉटनेटमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कुठली ते आधी ठरवा. "क्यू चालेना झालाय" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- काट्यावर पावती निघते, क्यूमध्ये मेसेज साठत जातात, पुढे काही होत नाही.
- क्यू रिकामा दिसतो, पण शेतकऱ्याला एसेमेस गेलेला नाही.
- एक सोडून एक मेसेज गायब. दहा गाड्या वजन झाल्या, पाचांचेच एसेमेस गेले.
- एकाच पावतीचा एसेमेस दोनदा, तीनदा.
- काट्यावरचा प्रोग्रॅमच गोठतो, पावतीही निघत नाही.
- लाइट जाऊन आली आणि क्यूमधलं सगळं साफ.

आधी हात आवरा

या भागात पहिला इलाज ठरलेला आहे: सर्व्हिस रीस्टार्ट. बऱ्याचदा त्याने तेवढ्यापुरतं सुरूही होतं, म्हणूनच बिघाड पुढच्या आठवड्यात परत येतो. रीस्टार्ट केल्यावर कंझ्युमरच्या हातात अडकलेले मेसेज पुन्हा रांगेत जातात, जोडण्या नव्याने होतात, आणि कुठे अडकलं होतं याचा पुरावा पुसला जातो. वर त्याच मेसेजवर दुसऱ्यांदा काम होऊन डबल एसेमेस जातात ते वेगळंच. स्क्रीनचा फोटो काढल्याशिवाय रीस्टार्ट नको. आणि रॅबिटएमक्यूच्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मॅनेजमेंट पानावरच्या 'पर्ज' बटणाला तर हातच लावू नका. रांगेत थांबलेले सगळे मेसेज त्याने पुसले जातात आणि परत आणायची सोय नाही.

१. क्यूचा दोष आहे का, हे फुकटात बघा

एसेमेस गेला नाही म्हणजे क्यू बिघडला असं नाही. आधी एसेमेस गेटवेच्या, म्हणजे एसेमेस पुढे पाठवणाऱ्या सेवेच्या, पानावर डिलिव्हरी रिपोर्ट उघडा. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक एसेमेसचा मजकूर डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जुळावा लागतो. कुणीतरी 'निव्वळ वजन'च्या जागी 'नक्त वजन' केलं की मेसेज तिथेच अडतो. कितीतरी गेटवे अशा वेळीही एचटीटीपीचा २०० ('सगळं ठीक') कोड देतात आणि चूक आत मजकुरात सांगतात. कंझ्युमर फक्त २०० बघतो, काम झालं समजून पोचपावती म्हणजे अ‍ॅक देऊन मोकळा होतो. क्यू रिकामा, लॉग स्वच्छ, एसेमेस नाही. गेटवेच्या उत्तरातला मजकूर वाचून मगच अ‍ॅक द्या.

२. सर्व्हर पोचतोय का

पिंग लागतोय म्हणजे पोचला असं धरू नका. पिंगचा आणि पोर्टचा संबंध नाही. काट्यावरच्या मशीनवरून ५६७२ पोर्ट उघडा आहे का ते बघा (टीएलएस वापरत असाल तर ५६७१). मॅनेजमेंटचं पान १५६७२ वर असतं, पण त्याचं प्लगइन सुरू केलेलं असेल तरच.

नव्या ठिकाणी बसवताना हमखास अडतं ते 'गेस्ट' युजरवर. आवृत्ती ३.३ पासून गेस्ट फक्त त्याच मशीनवरून आत येऊ शकतो. त्यामुळे सर्व्हरवर बसून चाचणी घेतली की सगळं चालतं, आणि निपाणीतून जोडायला गेलं की ४०३, अ‍ॅक्सेस रिफ्यूज्ड. गेस्टवरचं बंधन काढून टाकण्याचे सल्ले सर्रास मिळतात. ऐकू नका. वेगळा युजर करा आणि त्याला त्या व्हर्च्युअल होस्टची (सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्याची) परवानगी द्या. युजर केला पण परवानगी द्यायची राहिली, तर ५३०, नॉट अलाउड येतो.

३. तीन आकडे

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथे. सर्व्हरवर ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या:

रॅबिटएमक्यूसीटीएल लिस्ट_क्यूज नेम मेसेजेस_रेडी मेसेजेस_अनअ‍ॅक्नॉलेज्ड कंझ्युमर्स

डिफॉल्ट सोडून दुसरा व्हर्च्युअल होस्ट वापरत असाल तर त्याचं नाव 'पी' पर्यायाने द्यावं लागतं, नाहीतर यादी रिकामी येते आणि क्यू उडाले म्हणून उगीच पोटात गोळा येतो.

रेडी म्हणजे रांगेत थांबलेले. अनअ‍ॅक्ड म्हणजे कंझ्युमरला दिलेले, पण ज्यांची पोचपावती आलेली नाही असे. तिसरा आकडा, क्यूवर किती कंझ्युमर कान लावून बसलेत. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने आज्ञा दोन-तीनदा चालवा. एका आकड्यावरून काही ठरत नाही, आकडा कुठल्या दिशेला सरकतोय ते बघायचं.

रेडी वाढतोय आणि कंझ्युमर शून्य: उचलणाराच जागेवर नाही. मुद्दा ४ बघा. रेडी वाढतोय, कंझ्युमर आहे, अनअ‍ॅक्ड एकाच आकड्यावर गोठलाय: कंझ्युमर आतल्या आत अडकलाय, तेही मुद्दा ४ मध्येच. तिन्ही आकडे हलतायत, पण कंझ्युमर तुमच्या हिशेबापेक्षा जास्त: मुद्दा ५. रेडी, अनअ‍ॅक्ड दोन्ही शून्य आणि कंझ्युमर निवांत बसलाय: मेसेज क्यूपर्यंत आलाच नाही, मुद्दा ६.

४. कंझ्युमर जिवंत दिसतो, पण काम करत नाही

टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम चालू दिसतो आणि क्यूवर कंझ्युमर मात्र शून्य. अशा वेळी लोक रॅबिटएमक्यूला दोष देतात. तपासा तो तुमचा कोड.

पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी आपणहून टाइमआउट लावत नाही. गेटवेने उत्तर दिलं नाही तर ती कॉल तिथेच, कितीही वेळ, बसून राहते. पिकाच्या ब्लॉकिंग कनेक्शनमध्ये हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा ठरावीक वेळाने जाणारा इशारा, पाठवणं आणि तुमचं काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतं. म्हणजे तुमची कॉल अडकली की हार्टबीटही थांबला. डिफॉल्ट मुदत ६० सेकंदांची आहे. तेवढ्यात काहीच हालचाल दिसली नाही की सर्व्हर जोडणी तोडतो आणि हातातला मेसेज परत रांगेत टाकतो. तुमच्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो. गेटवे दोन मिनिटांनी जागा झाला की एसेमेस जातो, मग प्रोग्रॅम अ‍ॅक द्यायला जातो, जोडणी तुटलेली सापडते. प्रोग्रॅम नव्याने जोडतो, तोच मेसेज पुन्हा मिळतो, पुन्हा एसेमेस. शेतकऱ्याला एकाच ट्रॉलीचे तीन एसेमेस आले तर बहुतेक वेळा गोष्ट ही असते.

जावा आणि डॉटनेटच्या लायब्रऱ्या हार्टबीट वेगळ्या धाग्यावर पाठवतात, म्हणून तिथे याच दुखण्याचा चेहरा वेगळा: जोडणी शाबूत, कंझ्युमर एक, आणि अनअ‍ॅक्ड गोठलेला. नव्या आवृत्त्यांत अशा कंझ्युमरला ३० मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात अ‍ॅक आला नाही तर सर्व्हर चॅनल बंद करतो आणि लॉगमध्ये 'प्रीकंडिशन फेल्ड' लिहितो. 'बरोब्बर अर्ध्या तासाने तुटतं' असं कुणी म्हणालं की हेच समजा.

इलाज स्वस्त आहे. प्रत्येक बाहेरच्या कॉलला टाइमआउट, दहा सेकंद पुष्कळ झाले. हार्टबीट बंद करून टाकणं हा इलाज नव्हे. त्याने मेलेली जोडणी जिवंत दिसत राहते एवढंच.

दुसरी जागा अ‍ॅक विसरण्याची. फंक्शनच्या शेवटी अ‍ॅक असतो, पण मध्येच 'मोबाइल नंबर रिकामा असेल तर रिटर्न' अशी ओळ असते. नंबर नसलेला प्रत्येक शेतकरी एक अनअ‍ॅक्ड मेसेज मागे ठेवून जातो. अनअ‍ॅक्डचा गोठलेला आकडा तुमच्या प्रीफेचएवढाच (कंझ्युमरकडे एका वेळी किती मेसेज द्यायचे ती मर्यादा) असेल तर बहुधा हेच झालंय: कंझ्युमरचा कोटा अशा मेसेजनी भरला, आता सर्व्हर त्याला नवीन देत नाही.

प्रीफेच ठरवलाच नसेल तर उलटा घोळ. पंगतीत एकाच वाढप्याने बुंदीची सगळी परात उचलून न्यावी आणि बाकीच्यांनी रिकाम्या हाताने उभं राहावं तसं, पहिला कंझ्युमर अख्खा क्यू आपल्याकडे ओढतो. दुसरा कंझ्युमर वाढवूनही वेग वाढत नाही तो यामुळे. एसेमेसच्या कामाला दहा-वीसचा प्रीफेच ठेवा.

५. चोर कंझ्युमर

एक सोडून एक मेसेज गायब होत असेल तर फार खोलात जाऊ नका. एका क्यूवर दोन कंझ्युमर असले की रॅबिटएमक्यू आळीपाळीने वाटतो. दुसरा कंझ्युमर म्हणजे बहुधा कुणाच्या तरी लॅपटॉपवर चालू राहिलेली चाचणीची स्क्रिप्ट. ती मेसेज उचलते, स्क्रीनवर छापते, अ‍ॅक देते, संपलं. मॅनेजमेंट पानावर क्यूचं नाव दाबलं की कंझ्युमरांची यादी आणि प्रत्येकाचा आयपी दिसतो. अनोळखी आयपी सापडला की ती जोडणी तिथूनच तोडता येते. कायमचा बंदोबस्त करायचा तर चाचणीसाठी वेगळा व्हर्च्युअल होस्ट आणि वेगळा पासवर्ड.

६. मेसेज क्यूपर्यंत आलाच नाही

रॅबिटएमक्यूत मेसेज थेट क्यूमध्ये पडत नाही, एक्स्चेंजकडे जातो. एक्स्चेंज राउटिंग की, म्हणजे मेसेजवरचा पत्ता, बघून ठरवतो कुठल्या क्यूत टाकायचा. जुळणारं बाइंडिंगच, म्हणजे एक्स्चेंज आणि क्यू यांना जोडणारा नियमच, नसेल तर मेसेज गुपचूप टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला चूक दिसत नाही, लॉगमध्येही काही येत नाही.

आपल्या भागात याचं कारण स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये बाइंडिंग आहे 'बेलगाम.वजन', नवीन मुलाने लिहिलेला कोड पाठवतो 'बेळगावी.वजन'. चिकोडी इंग्रजीत एका 'के'ने लिहायचं की दोन, यावर तर दोन तालुका कचेऱ्यांचंही एकमत होणार नाही. राउटिंग कीमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचाही फरक धरला जातो आणि शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही. म्हणून गावाचं नाव कीमध्ये घालूच नका, केंद्राचा क्रमांक घाला. नावं बदलतात, क्रमांक राहतो. टॉपिक एक्स्चेंज (की नमुन्याशी जुळवणारा) असेल तर एवढं ध्यानात असू द्या: चांदणी म्हणजे नेमका एक शब्द, हॅश म्हणजे शून्य किंवा कितीही.

'पब्लिशर कन्फर्म (पाठवणाऱ्याला सर्व्हरकडून मिळणारी पोच) लावलाय, तो येतोय, मग मेसेज पोचलाच' असं कुणी म्हणेल. नाही. कुठल्याच क्यूला न जुळलेल्या मेसेजलाही सर्व्हर कन्फर्म देतो. मेसेज परत यायला हवा असेल तर पाठवताना 'मँडेटरी' झेंडा लावावा लागतो आणि परत आलेला मेसेज पकडणारा कोड लिहावा लागतो. दोन्ही लावा.

७. पाठवणाराच गोठला

काट्यावरचा प्रोग्रॅम पब्लिशच्या ओळीवर थांबलाय आणि गाड्यांची रांग गेटबाहेर गेलीय, तर सर्व्हरची डिस्क बघा. मोकळी जागा मर्यादेखाली गेली (डिफॉल्ट फक्त ५० एमबी) किंवा मेमरी ठरलेल्या टक्क्यांवर गेली, की रॅबिटएमक्यू पाठवणाऱ्यांना अडवून धरतो. घेणारे चालूच राहतात. मॅनेजमेंट पानावर लाल खूण आणि जोडणीपुढे 'ब्लॉक्ड' दिसतं. जागा कुणी खाल्ली? मी बघितलेल्या ठिकाणी बहुतेक वेळा डेटाबेसचे बॅकअप आणि इतर प्रोग्रॅमचे लॉग, क्यू नव्हे. ते दुसरीकडे हलवा, अडवणूक आपोआप उठते. ५० एमबीची मर्यादा मात्र वाढवून ठेवा. इशारा मिळेपर्यंत सगळं संपलेलं असेल, इतकी ती कमी आहे.

खरं तर पावती निघणं क्यूवर अवलंबून असताच कामा नये. वजन आधी काट्यावरच्याच डेटाबेसमध्ये, 'पाठवायचं बाकी' अशा तक्त्यात लिहा, पावती छापा, आणि वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमने तिथून क्यूमध्ये टाका. कन्फर्म आला की ओळीवर खूण करा. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात नेट दिवसभर नसतं. तिथली दूध केंद्रं याच तक्त्यावर चालतात.

८. विषारी मेसेज

सर्व्हरचा सीपीयू वर, मेसेज देण्याचा वेग प्रचंड, अ‍ॅकचा वेग शून्य. एकच खराब मेसेज गोल गोल फिरतोय. कंझ्युमरला तो वाचता येत नाही, तो 'परत रांगेत घाल' म्हणून नाकारतो, सर्व्हर पुन्हा त्यालाच देतो.

सीमाभागात असा मेसेज हमखास नावातून येतो. सभासदांच्या जुन्या याद्या युनिकोड येण्याआधीच्या मराठी आणि कन्नड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. स्क्रीनवर नाव दिसतं नीट, पण आतले बाइट यूटीएफ-८ चे, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीचे, नसतात. त्या सभासदाची पहिली गाडी काट्यावर आली की मेसेजमधला जेसन मजकूर वाचतानाच कंझ्युमर अडतो. त्याच्या मागे नांदगडपासून निपाणीपर्यंतचे सगळे खोळंबतात.

मेसेज बघायला मॅनेजमेंट पानावरचं 'गेट मेसेजेस' वापरताय तर जपून. त्यात अ‍ॅकचा पर्याय 'परत रांगेत' असाच राहू द्या, दुसरा निवडलात तर बघितलेला मेसेज क्यूमधून जातो.

इलाज: वाचता न येणारा मेसेज रांगेत परत घालायचा नाही, नाकारून डेड लेटर एक्स्चेंजकडे, म्हणजे नाकारलेले मेसेज घेणाऱ्या एक्स्चेंजकडे, जाऊ द्यायचा. त्या एक्स्चेंजला एक क्यू जोडलेला हवा, नाहीतर तिथूनही तो गुपचूप जातो. चालू क्यूला कोडमधून हे गुणधर्म लावायला गेलात तर ४०६ येईल, कारण आधी जाहीर केलेल्या क्यूचे गुणधर्म बदलत नाहीत. क्यू पुसून नवा करू नका. हेच काम पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून लावायचा नियम, लावून चालू क्यूवर होतं. क्वोरम क्यू (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारा) असेल तर रॅबिटएमक्यू ४.० पासून एक मेसेज किती वेळा परत द्यायचा यावर डिफॉल्ट २० ची मर्यादा आहे. डेड लेटर नसेल तर मर्यादेनंतर तो मेसेज टाकून दिला जातो, हेही माहीत असू द्या.

९. डबल नोंदी

रॅबिटएमक्यू 'किमान एकदा' पोचवतो, 'नेमका एकदाच' नव्हे. जोडणी तुटली की डबल येणारच. त्यामुळे हा बिघाड क्यूमध्ये दुरुस्त होत नाही, डेटाबेसमध्ये होतो. हंगाम, केंद्र क्रमांक, पावती क्रमांक मिळून एक युनिक की करा. खात्यावरची नोंद आणि ही की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. दुसऱ्यांदा तोच मेसेज आला तर डेटाबेस नको म्हणेल, तुम्ही शांतपणे अ‍ॅक द्या. एसेमेस दोनदा गेला तर चारजण हसतील. पतसंस्थेत ठेव दोनदा जमा झाली तर कुणी हसणार नाही.

१०. लाइट गेली आणि क्यू रिकामा

क्यू 'ड्युरेबल' हवा आणि प्रत्येक मेसेज 'पर्सिस्टंट', म्हणजे डिलिव्हरी मोड २. दोन्ही वेगळे आहेत. नुसत्या ड्युरेबल क्यूमध्ये साधे मेसेज टाकले तर रीस्टार्टनंतर क्यू उरतो, मेसेज उरत नाहीत. मेसेज डिस्कवर पोचला याची खात्री पब्लिशर कन्फर्मनेच मिळते.

हे सगळं असूनही क्यू, युजर सगळंच नाहीसं झालं असेल तर मशीनचं नाव बदललंय का ते विचारा. रॅबिटएमक्यू आपला डेटा मशीनच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. नाव बदललं की तो नवा रिकामा फोल्डर करून कोऱ्या पाटीने सुरू होतो. जुना फोल्डर शेजारीच असतो. नाव पूर्ववत करा, डेटा दिसतो. डॉकरमध्ये होस्टनेम न दिल्यास प्रत्येक नव्या कंटेनरला नवं नाव मिळतं आणि हाच प्रकार होतो.

कुठे थांबायचं

सर्व्हिस सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये एरलँगच्या (रॅबिटएमक्यू ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) क्रॅशच्या लांबच लांब ओळी असतील तर डेटाचा फोल्डर 'साफ' करायचा सल्ला कुणाचाही ऐकू नका. त्यात अजून मेसेज असतात. मशीन आहे तशी ठेवा, फोल्डरची प्रत काढा, जाणकाराला बोलवा. दोन-तीन सर्व्हरचा क्लस्टर फुटून प्रत्येकजण वेगळा हिशेब दाखवत असेल, तरी थांबा. कुठली बाजू खरी धरायची हे चुकलं तर दुसऱ्या बाजूचे मेसेज कायमचे जातात. ३ मालिकेतून ४.० वर जाणं हेही ऐन हंगामात स्वतः करायचं काम नाही. आधी सगळे फीचर फ्लॅग (नव्या सुविधांचे स्विच) सुरू करावे लागतात, आणि जुने मिरर केलेले क्यू ४.० मध्ये काढून टाकलेत. पतसंस्थेच्या खात्यांत तफावत दिसली तर कंझ्युमर बंद करा, क्यू तसाच ठेवा, आणि कोडला हात लावण्याआधी व्यवस्थापक आणि हिशेब तपासणारे यांना कळवा. यूपीएस असूनही सर्व्हर वारंवार बंद पडतोय तर ते काम इलेक्ट्रिशियनचं.

जाणकाराला फोन करताना हाताशी ठेवा: तीन आकड्यांचा फोटो, रॅबिटएमक्यू आणि एरलँगच्या आवृत्त्या, बिघाडाच्या आधीच्या अर्ध्या तासाचा लॉग (लिनक्सवर व्हार-लॉगच्या आत रॅबिटएमक्यूचा फोल्डर), आणि त्या दिवशी कुणी काय बदललं. शेवटच्या प्रश्नाला "काहीच नाही" हे उत्तर चालणार नाही, टेम्प्लेटमधला एक शब्द बदलला असेल तरी सांगा.